ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या : आवड आणि आक्षेप

शाल्मली_वाचते

इंग्रजीतल्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या, त्यातही 'रीजन्सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मी कॉलेजात असल्यापासून वाचत आले आहे आणि आजही आवडीने वाचते. तिसऱ्या जॉर्जला वेडाचे झटके येऊ लागल्यामुळे त्याचा मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता, तो १८११ ते १८२० चा काळ म्हणजे रीजन्सी. या कादंबऱ्यांतले संवाद मला फार आवडतात. वडिलांची इस्टेट दूरच्या चुलतभावाकडे जाणार, हाती हुंडा नाही, शिक्षण अर्धवट आणि लग्नाखेरीज दुसरा मार्ग नाही, अशा परिस्थितीतली मुलगी केवळ बुद्धीच्या आणि जिभेच्या जोरावर समोरच्या उमरावाला बरोबरीने वागायला भाग पाडते, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. लंडनमधल्या ऑलमॅक्स सभागृहात बुधवारच्या नृत्याला प्रवेश मिळावा म्हणून चाललेली धडपड, किंवा एकवीस वर्षांखालील मुलीला इंग्लंडात पालकांच्या संमतीविना लग्न करता येत नसे म्हणून रातोरात स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनकडे धावणाऱ्या घोडागाड्या, हे सगळे मला पाठ आहे.

परंतु याच कादंबऱ्यांत असे बरेच काही आहे की जे वाचताना मी अस्वस्थ होते. जॉर्जेट हेयर या लेखिकेच्या १९२६ सालच्या 'दीज ओल्ड शेड्स' मध्ये (ही कथा रीजन्सीच्याही आधीची, पंधराव्या लुईच्या पॅरिसमधली आहे) चाळिशीचा ड्यूक मुलाच्या वेषातल्या एका मुलीला तिच्या भावाकडून एका रत्नाच्या मोबदल्यात चक्क विकत घेतो आणि पुढे तोच तिचा नायक होतो. कादंबरी अतिशय देखणी आहे, हे मी आजही म्हणेन.

माझ्या भाचीने नुकतीच माझ्याकडे या कादंबऱ्यांची यादी मागितली. ती सतरा वर्षांची आहे. यादी करायला बसले आणि हात अडखळला. तुम्ही हे साहित्य वाचत असाल तर त्यातल्या खटकणाऱ्या गोष्टींचे काय करता, आणि तरुण मुलीच्या हाती ते कसे द्याल?

कोकणकडा

उत्तम विषय आहे. वाचनखूण साठवली आहे.

मीनल_लीड्स

शाल्मली, मीही तुमच्याच पंथातली आहे. मी राहते तिथून जवळच हेअरवुड हाउस नावाचा प्रासाद आहे. अठराव्या शतकातले बांधकाम, चिपेंडेलने घडवलेले फर्निचर, समोर पसरलेले तळे. कोणत्याही रीजन्सी कादंबरीचा नायक त्या पायऱ्यांवरून उतरत येईल असे वाटते. तो बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याचा पैसा बार्बाडोसच्या साखरेतून आणि गुलामांच्या व्यापारातून आला होता, आणि ही गोष्ट आता तिथे उघडपणे सांगितली जाते.

कादंबरीत 'वर्षाला दहा हजार पौंड' हे शब्द नायकाच्या डोळ्यांच्या रंगाइतक्या सहजपणे येतात. ते कुठून येत असतील हे लेखिका सहसा सांगत नाही. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर १८०७ मध्ये बंदी घातली, पण गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ सालचा आहे. म्हणजे रीजन्सीची सगळी वर्षे वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवर माणसे मालमत्ता म्हणूनच राबत होती. कायदा झाला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना देण्यात आली, गुलामांना नव्हे. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवट २०१५ साली झाला. भरपाई कोणाकोणाला मिळाली याची सूची लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सर्वांसाठी खुली ठेवली आहे, आणि तीत कादंबऱ्यांत शोभतील अशा पदव्या खूप आहेत.

तरीही मी वाचणे सोडलेले नाही. त्याच काळात साखरेवर बहिष्कार टाकणाऱ्या स्त्रियाही होत्या. 'ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही' अशा अर्थाचा मजकूर रंगवलेली साखरेची भांडी त्या चहाच्या टेबलावर मांडत असत. अशी भांडी संग्रहालयांत पाहायला मिळतात. एखाद्या लेखिकेने आपल्या नायिकेच्या टेबलावर असे एक भांडे ठेवावे आणि त्यावरून पाहुण्यांत वाद व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे. तेवढ्याने कादंबरीचा प्रणय कमी होणार नाही, उलट ती मुलगी कोण आहे हे आपल्याला कळेल.

भोकरदनकर

मी या कादंबऱ्या क्वचितच वाचल्या आहेत, पत्नीच्या कपाटातल्या दोन-चार. त्यांतल्या एकीत नायक 'वेलस्लीच्या हाताखाली हिंदुस्थानात लढून आलेला' असा उल्लेख होता (वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा इंग्रजांचा सेनापती). चेहऱ्यावर व्रण, थोडे लंगडणे, मनात दडवलेले दुःख. आम्ही जालना जिल्ह्यातले. असई गाव आमच्याकडेच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशी वेलस्लीची तिथे गाठ पडली आणि त्याच्याकडची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, त्यांत मद्रासेकडचे आपलेच शिपाई मोठ्या संख्येने होते. मराठ्यांच्या तोफखान्यावरचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, हे त्या लढाईच्या इंग्रजी वर्णनांतही येते.

पुढची वर्षेही पाहा. वॉटर्लू १८१५ चे, खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची आणि पेशवाईचा शेवट १८१८ चा. या मंडळींची रीजन्सी ती हीच. मला कादंबरीचा राग आला नाही, परंतु नायकाच्या व्रणाला एवढा इतिहास आहे आणि लेखिकेने त्यातले केवळ लंगडणे घेतले, याचे वाईट मात्र वाटले.

अ‍ॅड_वैदेही

माझा आक्षेप पैशापेक्षा शयनगृहाबद्दल आहे. १९७२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आणि लाखोंनी खपलेल्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' या कादंबरीपासून या प्रकाराचे आधुनिक रूप सुरू झाले असे मानतात. त्यात नायक सुरुवातीलाच नायिकेला वेश्या समजून तिच्यावर बलात्कार करतो. पुढे तिला दिवस जातात, दोघांचे लग्न लावून दिले जाते आणि शेकडो पानांनंतर तेच प्रेम ठरते. त्यानंतर जवळजवळ दोन दशके या साच्यातल्या कादंबऱ्यांचा पूर आला.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे, 'त्या काळात कायदाच तसा होता.' कायदा तसा होता हे खरे आहे. लग्नानंतर इंग्लंडातल्या स्त्रीला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व उरत नसे, आणि विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी टप्प्याटप्प्याने मिळाला. पत्नीवरचा बलात्कार हा गुन्हा आहे, हे तर तिथल्या सर्वोच्च पीठाने १९९१ साली निःसंदिग्धपणे सांगितले. आणि आपल्याकडे? २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीसाठीचा अपवाद आजही शाबूत आहे. म्हणून मला असे प्रसंग 'जुन्या काळातले' म्हणून वाचता येत नाहीत. माझ्या कार्यालयात येणाऱ्या बायकांसाठी ते आजचेच आहेत.

निशिगंध

वैदेहीताईंशी पूर्ण सहमत आहे आणि मी एक पाऊल पुढे जाईन. मी या कादंबऱ्या वाचणे सोडून दिले आहे. आपण 'खटकते, पण आवडते' असे म्हणतो तेव्हा खटकण्याला तोंडी मान देऊन आवडीलाच कौल देत असतो. मीनल यांनी गुलामगिरीबद्दल इतके सविस्तर लिहिले आणि 'तरीही वाचणे सोडलेले नाही' असा शेवट केला. मग त्या ज्ञानाचा उपयोग काय झाला? शाल्मलीताई, सतरा वर्षांच्या मुलीला मी तरी ही यादी देणार नाही. तिच्या मनात प्रेमाची कल्पना घडत असताना 'त्याने दुखावले, कारण तो आतून दुखावलेला होता' हे सूत्र तिच्यापर्यंत पोचू नये.

मीनल_लीड्स

निशिगंध, उपयोग एवढाच झाला की आता मी हेअरवुडला जाते तेव्हा झुंबरांखाली उभी राहून केवळ नृत्याची कल्पना करत नाही. हा उपयोग पुरेसा आहे असा माझा दावा नाही. परंतु मी या कादंबऱ्या वाचल्या नसत्या तर त्या घराच्या पैशाची चौकशी करायला गेलेच नसते, हेही तितकेच खरे आहे.

ग्रंथपाल_नाना

ग्रंथालयात आयुष्य गेले आणि या पुस्तकांची देवघेव मी पुष्कळ केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'काळच तसा होता' या वाक्यात नेमका कोणता काळ अभिप्रेत आहे, हे आपण विचारत नाही. ऐतिहासिक कादंबरीत दोन काळ असतात. एक कथा घडते तो, दुसरा ती लिहिली जाते तो. खटकणाऱ्या गोष्टींपैकी पुष्कळशा दुसऱ्या काळातून येतात आणि पहिल्या काळाच्या नावावर खपतात.

उदाहरण देतो. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली आली, म्हणजे ऐन रीजन्सीत. त्यात मिस्टर कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो. ती स्पष्ट शब्दांत नकार देते. तो म्हणतो की भल्या घरच्या मुली मनात होकार असतानाही पहिल्यांदा नकारच देतात, म्हणून मी हा नकार मानत नाही. ती पुन्हा नकार देते आणि तो पुन्हा तेच म्हणतो. हा प्रसंग लेखिकेने अशा रीतीने रचला आहे की वाचकाला तो माणूस हास्यास्पद वाटावा. बाईचा नकार ऐकू न येणारा पुरुष त्या काळात जगणाऱ्या लेखिकेने विदूषक म्हणून रंगवला आणि दीडशे वर्षांनंतरच्या कादंबऱ्यांनी त्यालाच रुंद खांदे देऊन नायक केले. मग यात दोष १८१३ चा की १९७२ चा?

हेयरबाईंच्या 'द ग्रँड सोफी' चेही तसेच आहे. त्या कादंबरीतला ज्यू सावकार इतक्या किळसवाण्या साच्यातून काढला आहे की ते पान वाचवत नाही. रीजन्सीतल्या लंडनमध्ये ज्यूद्वेष होता हे मान्य. परंतु कादंबरी १९५० ची आहे. युरोपात साठ लाख ज्यूंचा संहार होऊन जेमतेम पाच वर्षे झाली असताना ते पात्र तसे लिहिले गेले. तिथे इतिहासाकडे बोट दाखवता येत नाही.

त्यामुळे मी वाचकांना इतकेच सांगत असे की पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्याआधी प्रकाशनाचे वर्ष पाहून घ्या.

कोकणकडा

नाना, कॉलिन्सचा हा मुद्दा आजवर कधी डोक्यात आला नव्हता. प्रतिसाद फार आवडला.

निशिगंध

नानांचे विवेचन मलाही पटले, तरी एक शंका राहते. प्रकाशनाचे वर्ष पाहून दोष कोणाचा हे ठरेल, पण पुस्तक वाचताना मनावर जे उमटते ते वर्ष पाहून पुसले जाते का? 'द ग्रँड सोफी' मधली सोफी धीट आहे, पिस्तूल घेऊन त्या सावकाराकडे एकटी जाते, आणि वाचक तिच्या बाजूने उभा राहतो. म्हणजे ज्या प्रसंगात नायिका सर्वांत जास्त आवडते, नेमका तोच प्रसंग सर्वांत विषारी आहे. ते पान वगळून पुढे जाता येत नाही.

ग्रंथपाल_नाना

हे अगदी खरे आहे, आणि माझ्यापाशी त्यावर उपाय नाही. ते पान वगळू नये, असेच मी म्हणेन.

तन्मय_पी

या धाग्यावर बहुधा मी दुसराच पुरुष वाचक असावा (नाना धरून तिसरा). नेटफ्लिक्सवरच्या ब्रिजर्टन मालिकेमुळे मी या पुस्तकांकडे वळलो. त्या मालिकेचा पहिला हंगाम ज्या कादंबरीवर बेतला आहे, ती २००० साली आलेली 'द ड्यूक अँड आय'. त्यात नायक दारूच्या नशेत असताना नायिका त्याच्या इच्छेविरुद्ध मूल व्हावे म्हणून त्याचा गैरफायदा घेते. २०२० च्या मालिकेत त्याची नशा काढून टाकली, पण प्रसंग ठेवला. मालिकेवर त्याबद्दल टीका झाली, हे चांगलेच झाले.

मला आश्चर्य वाटले ते पुस्तक वाचलेल्या माझ्या ओळखीच्या माणसांचे. त्यांतल्या कित्येकांना तो प्रसंग खटकलाच नव्हता. 'तो नवराच तर आहे' असे एकाने म्हटले. वैदेहीताईंनी सांगितलेल्या कायद्यामागची समजूत पुरुषाच्या बाबतीतही किती खोल रुजलेली आहे, हे मला त्या उत्तरातून कळले. मालिका तरीही मी आवडीने पाहिली. त्या दोघांच्या पहिल्या भेटींतली चुरस फार सुरेख आहे.

पद्मजा

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. आपण इंग्रजी पुस्तकांबद्दल बोलतो आहोत. रणजित देसाईंची १९६२ सालची 'स्वामी' आपल्यापैकी किती जणींनी शाळकरी वयात वाचली आणि रमा-माधवाच्या प्रेमाने भारावून गेल्या? मी तर शेवटी ढसाढसा रडले होते. तो शेवट सतीचा आहे. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला गेले आणि रमाबाई सहगमन करून गेल्या, हा इतिहास आहे. थेऊरला नदीकाठी त्यांचे स्मारक आहे, तिथे आजही लोक हात जोडतात. मीही जोडले आहेत. नायिका चितेवर चढते आणि वाचकाला ते प्रेमाचे सर्वोच्च टोक वाटते, यापेक्षा खटकणारे दुसरे काय असू शकते? तरी 'स्वामी' मुलींच्या हाती देताना आपले हात अडखळत नाहीत.

अ‍ॅड_वैदेही

पद्मजाताई, हे तुम्ही लिहिलेत म्हणून बरे झाले. मीही 'स्वामी' शाळेच्या बक्षीस समारंभात मिळालेली प्रत म्हणून वाचली होती. नानांची कसोटी इथे लावून पाहायला हवी. सती जाणे हे पहिल्या काळातले आहे, त्याला लेखकाचा इलाज नाही. त्या जाण्याला सुगंध देणे हे दुसऱ्या काळातले आहे. मुंबई इलाख्यात सतीबंदी १८३० मध्ये आली. कादंबरी त्यानंतर एकशे बत्तीस वर्षांनी लिहिली गेली.

ग्रंथपाल_नाना

वैदेहीबाई, इथे मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. रमाबाईंच्या मनात काय होते हे आपल्याला कागदपत्रांतून कळत नाही. कादंबरीकाराने त्यांना मन दिले, आणि त्यांचा तो निर्णय त्यांच्याच मनातून उगवलेला दाखवला. ते मन देताना त्याने भीती दिली नाही, हा माझाही आक्षेप आहे. विशीच्या आतबाहेरची ती मुलगी एका रात्रीसाठी तरी घाबरली असेल. ती भीती लिहिली असती तर कादंबरी अधिक मोठी झाली असती आणि प्रेमही कमी ठरले नसते.

राधिका_एनजे

उशिरा आले, सगळे प्रतिसाद वाचून काढले. अमेरिकेतली एक घटना सांगते, कारण निशिगंध यांच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. २०२१ साली इथल्या प्रणयकादंबरीलेखकांच्या मोठ्या संघटनेने एका ऐतिहासिक कादंबरीला पुरस्कार दिला आणि काही दिवसांतच तो परत घेतला. कादंबरीचा नायक १८९० च्या वुंडेड नी हत्याकांडात भाग घेतलेला घोडदळाचा अधिकारी होता. त्या हत्याकांडात लाकोटा जमातीची शेकडो माणसे मारली गेली, त्यांत बायका-मुलेही होती. नायकाला पश्चात्ताप होतो, देव त्याला क्षमा करतो आणि प्रेम मिळते. मूळवासी वाचकांनी विचारले की क्षमा करण्याचा अधिकार ज्यांचा होता ते या कथेत कुठे आहेत?

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. खटकणारी गोष्ट कथेत असण्याला माझी हरकत नाही. परंतु तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कथेत आवाज आहे की ते केवळ नायकाच्या दुःखाची पार्श्वभूमी आहेत, हे मी आता पाहते. भोकरदनकरांनी असईबद्दल लिहिले तेही हेच आहे.

भोकरदनकर

राधिकाताई, माझ्या मनात जे होते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले मांडलेत. आभारी आहे.

सुधा_पंच्याहत्तरी

तुम्हा सर्वांचे अभ्यासपूर्ण लेखन वाचून आनंद झाला. माझे म्हणणे साधे आहे. एकत्र कुटुंबात, दुपारी ओटा आवरून झाल्यावर, दाराला कडी लावून मी ही पुस्तके वाचत असे आणि त्या वेळात मला कोणी हाक मारलेली चालत नसे. त्यांतले पुरुष कसे होते हे मला कळत होते. पण पुस्तकातली मुलगी काहीतरी मागत होती आणि शेवटी ते तिला मिळत होते. आमच्या घरात मागण्याची पद्धतच नव्हती. निशिगंध, तुम्ही वाचणे सोडलेत याबद्दल मला आदर आहे, फक्त आम्ही ते का धरून ठेवले हेही लक्षात घ्या.

निशिगंध

सुधाकाकू, हे मी लक्षात घेतले आहे. तुमच्या दुपारीवर माझा आक्षेप असूच शकत नाही.

शाल्मली_वाचते

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यादीबद्दल मी ठरवले आहे ते सांगते. पहिली 'प्राइड अँड प्रेज्युडिस', कारण कॉलिन्सला ओळखायला शिकल्यावर पुढचे पुष्कळ नायक आपोआप पारखले जातील. त्यानंतर हेयरबाई. 'दीज ओल्ड शेड्स' मी देणार आहे आणि तो ड्यूक तिला विकत घेतो त्या पानाशी ती आली की आम्ही दोघी त्यावर बोलू. 'द ग्रँड सोफी' मी तिच्याबरोबर स्वतः पुन्हा वाचेन, त्या सावकाराच्या प्रकरणासकट. १९७२ ची ती कादंबरी यादीत नाही. मोठी झाल्यावर तिने स्वतः शोधून वाचली तर मी अडवणार नाही.

राधिका, ज्यांनी किंमत मोजली त्यांचाच आवाज असलेल्या आणि तरीही मनापासून प्रेमकथा असलेल्या कादंबऱ्या सुचवाल का?

राधिका_एनजे

बेव्हर्ली जेंकिन्स यांच्यापासून सुरुवात करा. एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय माणसांच्या प्रेमकथा त्या १९९४ पासून लिहीत आहेत. १९९६ सालच्या 'इंडिगो' ची नायिका हेस्टर गुलामगिरीत जन्मलेली आहे. लहानपणी निळीच्या मळ्यात राबल्यामुळे तिच्या हातांना कायमचा निळसर जांभळा रंग चढलेला आहे, म्हणून ती चारचौघांत हातमोजे घालते. आता ती मिशिगनमध्ये स्वतंत्र आहे आणि दक्षिणेतून पळून येणाऱ्यांना घरात लपवून पुढे पाठवते. नायकही तेच काम करतो, जखमी होऊन तिच्या तळघरात येतो. सुरुवातीला तो अतिशय उद्धट आहे, हे सांगून ठेवते. संवाद मात्र शाल्मली यांना हवे तसेच आहेत, आणि नायिकेचा नकार नायकाला ऐकू येतो.

निशिगंध

निळीचा मळा म्हटल्यावर चंपारणची आठवण येणे साहजिक आहे. ही कादंबरी मी मिळवून वाचेन आणि काय वाटले ते इथेच लिहीन. नाही आवडली तर तेही लिहीन. शाल्मलीताई, 'दीज ओल्ड शेड्स' वर भाची काय म्हणाली ते मात्र जरूर कळवा, कारण त्या एका पुस्तकाबाबत माझे मत अजून बदललेले नाही.